प्राप्तिकराचे खाते आणि त्याच्या किल्ल्या

मराठीत सरकारी विभागालाही 'खाते' म्हणतात आणि माणसाच्या नावावर लिहिलेल्या जमाखर्चाच्या पानालाही 'खाते'च म्हणतात. प्राप्तिकराच्या बाबतीत हे दोन अर्थ फार काळ वेगळे नव्हते. करदात्याचे पान खात्याच्या वहीत असे आणि ती वही करदात्याच्या दृष्टीस पडत नसे. आता ते पान इंटरनेटवर उघडते. पण विवरणपत्र एका यंत्रणेकडे असते, कापलेल्या कराची नोंद दुसरीकडे, पॅनवरचे नाव तिसरीकडे, आधारवरचे नाव चौथीकडे, आणि परतावा ज्यात यायचा त्या बँक खात्याची खातरजमा आणखी वेगळीकडे. पडद्यावर हे सगळे शेजारी शेजारी दिसते, म्हणून ते एकच असल्याचा समज होतो. साइट चालत नाही, ओटीपी येत नाही, पासवर्ड चालत नाही या तक्रारी दर जुलैत ऐकू येतात आणि महिनाभराने विरतात. चूक एका जागी दिसते आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार दुसऱ्याच जागी असतो, ही तक्रार मात्र विरत नाही, आणि तिचे मूळ पोर्टलपेक्षा बरेच जुने आहे.

भारतात प्राप्तिकर आला तो १८५७ च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी. जेम्स विल्सन यांनी आणलेला हा कर २४ जुलै १८६० रोजी लागू झाला आणि त्यानंतर अठरा दिवसांनी विल्सन कलकत्त्यात वारले. १८६५ मध्ये तो थांबला. पुढे १८८६ च्या कायद्याने तो कायमचा झाला, १९२२ मध्ये त्याची नवी मांडणी झाली आणि १ एप्रिल १९६२ पासून १९६१ चा कायदा अमलात आला. या शंभर वर्षांत करदात्याची ओळख म्हणजे त्याच्या भागातल्या प्राप्तिकर अधिकाऱ्याच्या नोंदवहीतला एक अनुक्रमांक. जनरल इंडेक्स रजिस्टर नावाच्या या वहीवरून त्याला 'जीआयआर नंबर' म्हणत. हा क्रमांक माणसाचा नव्हता, वॉर्डाचा होता. दादरचा करदाता पुण्याला राहायला गेला की त्याची फाइल एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जायची आणि तिथल्या वहीत त्याला नवा क्रमांक मिळायचा. कर किती मागितला आणि किती आला याची नोंद डिमांड अँड कलेक्शन रजिस्टर या वेगळ्या वहीत होई. चलन बँकेत भरले, की त्याची एक प्रत करदात्याकडे राही आणि बाकीच्या बँक, लेखा कार्यालय आणि प्राप्तिकर कार्यालय अशा वाटांनी जात. त्यातली एखादी वाटेत राहिली, तर भरलेला कर वहीत थकलेलाच दिसे. मग करदाता आपली प्रत घेऊन कार्यालयात जाई, टेबलापलीकडचा माणूस ती पाही आणि वहीत नोंद करून घेई. या पद्धतीत खेटे होते, वशिला होता, चिरीमिरीही होती. तरी चूक दुरुस्त करणारा हात समोर दिसत होता, आणि पुढच्या इतिहासात हाच हात दिसेनासा झाला.

वॉर्डाच्या क्रमांकाऐवजी देशभर चालेल असा एकच क्रमांक असावा म्हणून १९७२ मध्ये पर्मनंट अकाउंट नंबर, म्हणजे पॅन, आणला गेला. पण ती पद्धत हाताने चालायची आणि एकाच माणसाला दोन-दोन क्रमांक मिळणे तिला अडवता आले नाही. दहा अक्षर-अंकांचा आजचा पॅन १९९५ नंतरचा. त्याची रचना पाहण्यासारखी आहे, कारण पुढच्या अनेक अडचणींचे बी तिथे पडले आहे. पहिली तीन अक्षरे क्रमाची, चौथे करदात्याच्या प्रकाराचे (व्यक्तीला 'पी', कंपनीला 'सी', भागीदारी संस्थेला 'एफ'), पाचवे आडनावाचे पहिले अक्षर, मग चार अंक आणि शेवटी पडताळणीचे एक अक्षर. एकाला दोन क्रमांक जाऊ नयेत म्हणून नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख यांच्यावरून, नावाच्या उच्चाराच्या आधाराने, जुळणी शोधणारी पद्धत बसवली गेली. विवाहित स्त्रीनेही अर्जात वडिलांचेच नाव द्यायचे असा नियम होता.

महाराष्ट्रातल्या घरांत यातून काय होते ते एका साध्या उदाहरणावरून कळते. एखाद्या मुलीने नोकरी लागताच पॅन काढला, तेव्हा तिचे आडनाव कुलकर्णी होते. पॅनचे पाचवे अक्षर 'के' झाले आणि कार्डावर वडिलांचे नाव आले. लग्नानंतर शिधापत्रिका, बँक आणि आधार यांवर आडनाव जोशी झाले, मधले नाव नवऱ्याचे आले आणि काही घरांत पहिले नावही बदलले. पॅन जन्माचा एकच असल्यामुळे त्यातले 'के' कधीच बदलत नाही. कार्डावरचे नाव बदलून घेता येते, पण त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळा पुरावा आणि वेगळे शुल्क लागते. तसा अर्ज केला नाही, तर एकाच बाईची दोन सरकारी नावे वर्षानुवर्षे शेजारी नांदतात, आणि ती जोवर कोणी जुळवून पाहत नाही तोवर काही अडत नाही.

संगणक प्राप्तिकर विभागात पोर्टलच्या कितीतरी आधी आले. १९८१ मध्ये विभागाचे 'सिस्टिम्स' संचालनालय सुरू झाले आणि पहिले काम चलनांचे हाती घेतले गेले. १९८४-८५ मध्ये महानगरांत तीन संगणक केंद्रे उभी राहिली आणि १९८९ पर्यंत ३३ मोठ्या शहरांत ती पोहोचली. सगळ्या कामाच्या संगणकीकरणाचा आराखडा ऑक्टोबर १९९३ मध्ये मंजूर झाला आणि त्यातली पहिली प्रादेशिक केंद्रे दिल्ली, मुंबई आणि चेन्नईत निघाली. करदात्याला यातले फारसे काही जाणवले नाही. जुलै संपत आला की मुंबईच्या महर्षी कर्वे रस्त्यावरच्या आयकर भवनात पगारदारांची रांग लागे. फॉर्म १६ टाचणीने विवरणपत्राला जोडलेला असे आणि पोचपावतीवर शिक्का बसला की वर्षाचे काम संपे. तो शिक्का घरोघरी जपून ठेवलेला असे. घरकर्जाच्या वेळी तीन वर्षांच्या शिक्क्यांच्या झेरॉक्स लागत.

खरी उलथापालथ २००३-०४ मध्ये झाली. पॅनचे अर्ज घेणे आणि कार्ड छापणे हे काम विभागाने बाहेर दिले: आधी नवी मुंबईत बेलापूरला असलेल्या यूटीआयच्या संस्थेला आणि पाठोपाठ एनएसडीएलला. देशभरातल्या कोट्यवधी पॅन कार्डांच्या मागे कित्येक वर्षे एक पुणेरी पत्ता छापलेला होता. कार्ड सापडल्यास मॉडेल कॉलनीतल्या, दीप बंगला चौकाजवळच्या पॅन सेवा केंद्राकडे पाठवावे, असे त्यावर लिहिलेले असे. आसामातल्या चहामळ्यावरचा कारकून आणि केरळातला मासेविक्रेता यांच्या पाकिटात पुण्याचा हा चौक होता. यातून काम झपाट्याने वाढले आणि पॅन खेड्यापाड्यांत गेला. त्याचबरोबर करदात्याचे नाव सांभाळणारा आणि कर सांभाळणारा असे दोन वेगळे धनी झाले.

१ जून २००४ पासून चलनाची पद्धतही बदलली. अनेक प्रतींच्या चलनाऐवजी एकच प्रत आली. बँक शाखेचा सात आकडी बीएसआर कोड, तारीख आणि पाच आकडी अनुक्रमांक मिळून प्रत्येक चलनाला ओळख मिळाली आणि बँका ही माहिती थेट संगणकातून पाठवू लागल्या. भरलेले चलन वाटेत हरवणे जवळजवळ थांबले, आणि ही सुधारणा खरोखर मोठी होती. पण चलनावर चुकीचे वर्ष टाकले गेले की काय करायचे, हा प्रश्न उरला. १९६१ च्या कायद्यात कमाईचे वर्ष आणि त्यावर आकारणी होण्याचे वर्ष वेगळे असे. २०१०-११ ची कमाई २०११-१२ या आकारणी वर्षात मोजली जाई आणि चलनावर आकारणी वर्ष लिहायचे असे. लाखो लोकांनी तिथे कमाईचे वर्ष लिहिले. कर सरकारजमा झाला, पण भलत्या पानावर. २०११ पासून अशी चूक बँकेला सात दिवसांत दुरुस्त करता येऊ लागली. त्यानंतर, आणि इंटरनेटवरून भरलेल्या चलनाच्या बाबतीत तर पहिल्या दिवसापासून, ते काम आकारणी अधिकाऱ्याचे होते. चूक मात्र लोकांच्या लक्षात येई ती वर्षभराने, मागणीची नोटीस हाती पडल्यावर.

कापलेल्या कराची, म्हणजे टीडीएसची, गोष्ट याहून बिकट आहे. पूर्वी मालकाने किंवा बँकेने दिलेले प्रमाणपत्र विवरणपत्राला जोडले की पुरे होई. आता कर कापणारा दर तिमाहीला विवरण भरतो. त्यात प्रत्येकाचा पॅन आणि रक्कम असते आणि त्यावरून करदात्याच्या नावे २६एएस हे पत्रक तयार होते. हे काम गाझियाबादमधल्या वैशालीतले वेगळे केंद्र पाहते आणि त्याचे 'ट्रेसेस' हे संकेतस्थळही वेगळे आहे. बँकेतल्या कारकुनाने पॅनमधला एक अंक चुकवला, तर ठेवीच्या व्याजावर कापलेला कर दुसऱ्याच कोणाच्या नावावर जमा होतो, किंवा कोणाच्याच होत नाही. करदात्याच्या हातात प्रमाणपत्र असते, त्यावर सही असते, पण पत्रकात रक्कम नसते. पत्रकात नसलेली रक्कम संगणक धरत नाही. दुरुस्ती फक्त कर कापणारा करू शकतो आणि त्याला ती करण्याची घाई नसते. एखादा कारखाना बंद पडला किंवा मालकाने कर कापून भरलाच नाही, तर दुरुस्ती करणारा कोणी उरतच नाही. पगारातून कर कापला गेला असेल तर तो पुन्हा त्या नोकराकडून मागता येत नाही, असे १९६१ च्या कायद्याचे कलम २०५ स्पष्ट सांगत होते आणि २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तसाच निकाल दिला. तरी पडद्यावर थकबाकी दिसत राहिली, कारण कलम २०५ संगणकाला ठाऊक नव्हते.

विवरणपत्र इंटरनेटवरून भरणे कंपन्यांना २००६-०७ या आकारणी वर्षापासून सक्तीचे झाले. दहा लाखांवर उत्पन्न असलेल्या व्यक्तींवर ही सक्ती २०१२-१३ पासून आली आणि पुढच्याच वर्षी मर्यादा पाच लाखांवर उतरली. कागद जोडायचे नाहीत हा नियम त्याआधीच आला होता. २००९-१० च्या सुमारास बेंगळुरूत केंद्रीय प्रक्रिया केंद्र उभे राहिले आणि देशभरातली विवरणपत्रे तिथे तपासली जाऊ लागली. ज्याच्याकडे डिजिटल सही नव्हती, त्याला आयटीआर-व्ही नावाची एक पानी पोचपावती छापून, सही करून तिथे पाठवावी लागे.

हे एक पान पाठवणे किती नाजूक काम होते ते आज सांगावे लागते. ईमेलने आलेली फाइल कुलूपबंद असे. तिचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. छपाई ठळक हवी, तळाचा बारकोड पुसट होता कामा नये, सही निळ्या शाईची, टाचणी नको. पाकिटावर पत्ता घालायचा: पोस्ट बॅग क्रमांक १, इलेक्ट्रॉनिक सिटी पोस्ट ऑफिस, बेंगळुरू. सुरुवातीला पाकीट साध्या टपालानेच पाठवावे लागे, पुढे स्पीड पोस्टची मुभा मिळाली. रजिस्टर्ड किंवा कुरिअरने आलेले ते स्वीकारत नसत. म्हणजे ज्या कागदावर सगळे अवलंबून, तो पोहोचल्याचा पुरावा मागण्याची सोयच आधी नव्हती. तो मुदतीत पोहोचला नाही, तर विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाई. ही मुदत आधी ३० दिवसांची होती, पुढे ती १२० दिवसांपर्यंत गेली. कर भरला, विवरणपत्रही भरले, पण पाकीट गहाळ झाल्यामुळे वर्ष कोरे राहिले, असे इतक्या लोकांचे झाले की विभागाला पुन्हा पुन्हा जुन्या वर्षांची दारे उघडावी लागली. २०१५-१६ ते २०१९-२० या आकारणी वर्षांसाठी तशी शेवटची संधी जुलै २०२० मध्ये दिली गेली. तोवर, २०१५ पासूनच, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने सही करण्याची सोय झाली होती. टपालाची जागा त्या सहा आकड्यांनी घेतली, आणि खात्याची किल्ली ज्याच्याकडे तो मोबाइल त्याच्या हाती गेली. अनेक छोट्या दुकानदारांची आणि निवृत्तांची खाती करसल्लागाराच्या मोबाइलवर आणि ईमेलवर उघडलेली होती. सल्लागार बदलला किंवा वारला, की स्वतःच्या खात्यात शिरायला त्याच्या घरच्यांना विनवण्या कराव्या लागत.

बेंगळुरूचे केंद्र सुरू होताना देशभरच्या कार्यालयांतल्या वह्यांमधली जुनी थकबाकी त्याच्या संगणकात चढवली गेली. वहीत जे अर्धवट होते ते संगणकात पक्के झाले. कधीच फेडलेली, अपिलात रद्द झालेली, चलन न जुळल्याने उभी राहिलेली मागणी आता 'थकीत' म्हणून दिसू लागली आणि केंद्र त्या रकमा चालू वर्षाच्या परताव्यातून वळती करून घेऊ लागले. करदात्याने विचारले की बेंगळुरू म्हणे, ही मागणी तुमच्या आकारणी अधिकाऱ्याची आहे. अधिकारी म्हणे, परतावा आमच्या हातात नाही. २०१२ मध्ये एका सनदी लेखापालाने या सगळ्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि मार्च २०१३ मध्ये विस्तृत निकाल दिला. परताव्यातून वळते करण्याआधी करदात्याला कळवून त्याचे म्हणणे ऐकावे, आणि कर कापणाऱ्याच्या चुकीची शिक्षा करदात्याला होऊ नये, असे त्यात बजावले होते. या विषयावरचा इतका मानवी दस्तऐवज दुसरा नाही. पडद्यावरच्या एका ओळीमागे निवृत्तिवेतनधारकाचे हेलपाटे असतात, हे एका सरकारी कागदाने मान्य केले ते इथे.

या जुन्या थकबाकीचा शेवट होण्यास आणखी अकरा वर्षे लागली. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितले की काही किरकोळ मागण्या थेट १९६२ पासूनच्या आहेत, त्या प्रामाणिक करदात्यांना त्रास देतात आणि परतावे अडवतात. २००९-१० पर्यंतच्या २५ हजार रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १० हजारांपर्यंतच्या मागण्या मागे घेण्यात आल्या. सुमारे एक कोटी लोकांना त्याचा लाभ होईल असा अंदाज त्या भाषणातच होता.

या दरम्यान नावांची जुळणी करून पाहण्याची वेळ आली. आधार क्रमांकांचे वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावातून सुरू झाले होते. २०१७ मध्ये प्राप्तिकर कायद्यात कलम १३९एए आले आणि पॅनला आधार जोडणे सक्तीचे झाले. नाव, जन्मतारीख आणि लिंग या तिन्ही गोष्टी दोन्हीकडे जुळायला हव्या होत्या. कुलकर्णींची जोशी झालेली बाई इथे अडली. शाळेच्या दाखल्यावर १ जून जन्मतारीख लावलेले आणि आधारवर नुसते वर्ष असलेले शेतकरी अडले. आडनाव आधी की नाव आधी या फरकाने अनेक अडले. पॅनमधली दुरुस्ती पॅनच्या संस्थेकडे, आधारमधली आधार केंद्रावर. जोडणी होत नाही एवढेच पोर्टल सांगे. पुढे कुठे जायचे ते ज्याचे त्याने शोधायचे.

मुदती वाढत गेल्या. एप्रिल २०२२ पासून ५०० आणि जुलैपासून १,००० रुपये शुल्क लागले. ते भरण्याचे चलन वेगळे, आणि ते भरल्यावर चार-पाच दिवस थांबून मग जोडणीची विनंती करायची. शेवटची तारीख ३० जून २०२३ ठरली. त्यानंतर न जोडलेला पॅन 'निष्क्रिय' झाला: परतावा थांबला आणि कर चढ्या दराने कापला जाऊ लागला. जानेवारी २०२४ च्या अखेरीस ११.४८ कोटी पॅन जोडायचे राहिले असल्याचे आणि त्या मुदतीनंतर शुल्कापोटी ६०० कोटींहून अधिक रुपये जमा झाल्याचे संसदेत सांगण्यात आले. परदेशी राहणाऱ्यांना आधार सक्तीचा नव्हता, पण आपण अनिवासी आहोत हे पोर्टलला ठाऊक नसल्याने त्यांचेही पॅन निष्क्रिय झाले. जुलै २०२३ मध्ये विभागाने त्यांना आपापल्या आकारणी अधिकाऱ्याला कळवण्यास सांगितले. न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसाने, वीस वर्षांपूर्वी ठाण्यात किंवा सांगलीत आपली फाइल ज्या वॉर्डात होती, तो वॉर्ड शोधून काढायचा होता.

एकाच्या नावातली विसंगती दुसऱ्याच्या खात्यावर येऊन पडल्याचे उदाहरणही याच काळातले. ५० लाख रुपये आणि त्यावरच्या किमतीचे घर घेणाऱ्याने किमतीच्या एक टक्का कर कापून भरायचा, असा नियम जून २०१३ पासून आहे. पुण्या-मुंबईत साधी दोन खोल्यांची जागाही या मर्यादेत येते. विकणाऱ्याचा पॅन निष्क्रिय असला, तर एक टक्क्याऐवजी वीस टक्के कापायला हवे होते. घेणाऱ्याला हे कळण्याची सोपी वाट नव्हती. त्याने इमानाने एक टक्का भरला आणि काही महिन्यांनी उरलेल्या १९ टक्क्यांची मागणी त्याच्या नावावर आली. साठ लाखांच्या जागेवर ही रक्कम ११ लाख ४० हजार होते. एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक निघाले: ३१ मार्चपर्यंतच्या अशा व्यवहारांत विकणाऱ्याने ३१ मेपर्यंत आधार जोडला तर मागणी टिकणार नाही. कर्ज काढून घर घेतलेल्या माणसाची सुटका अशा रीतीने एका अनोळखी माणसाच्या आधार कार्डावर अवलंबून राहिली.

पोर्टलची सर्वांत गाजलेली पडझड २०२१ ची. विवरणपत्रांची तपासणी सरासरी ६३ दिवसांवरून एका दिवसावर आणायची, या हेतूने जानेवारी २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ४,२४२ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला आणि बोलीतून ते काम इन्फोसिसला मिळाले. १ ते ६ जून २०२१ जुने संकेतस्थळ बंद ठेवून ७ जूनला नवे उघडले. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्र्यांनी लोकांच्या तक्रारी ट्विटरवर जाहीरपणे इन्फोसिसच्या नंदन निलेकणींपुढे ठेवल्या. लॉगिनला लागणारा वेळ, न येणारा ओटीपी, न दिसणारी जुनी विवरणपत्रे, नोंदवली न जाणारी डिजिटल सही, अशा त्या तक्रारी होत्या. परदेशी पैसे पाठवताना लागणारे फॉर्म कागदावर घेण्याची परवानगी बँकांना द्यावी लागली. मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढवलेली असूनही सॉफ्टवेअर उशिराचे शुल्क लावत होते. ते दुरुस्त केल्याचे विभागाने ऑगस्टमध्ये जाहीर केले. २१ ऑगस्टला पोर्टल पूर्ण बंद पडले, २३ तारखेला कंपनीचे प्रमुख सलील पारेख यांना अर्थमंत्रालयात बोलावून १५ सप्टेंबरची मुदत दिली गेली. विवरणपत्राची तारीख शेवटी ३१ डिसेंबरपर्यंत गेली. त्या एका दिवशी ४६.११ लाख विवरणपत्रे भरली गेली, एकूण ५.८९ कोटी. मात्र ज्यांचा एक लाखावर कर देणे होता, त्यांना वाढीव तारखेतही व्याज सुटले नाही. दार सरकारचे बंद होते आणि व्याज करदात्याचे चालू होते. हा अन्याय तेव्हा पुरेशा गांभीर्याने घेतला गेला नाही.

त्यानंतर पोर्टल पुष्कळ सुधारले. नोव्हेंबर २०२१ पासून व्याज, लाभांश, शेअरचे व्यवहार एकत्र दाखवणारे वार्षिक माहिती विवरण आले, आधीच भरलेले विवरणपत्र समोर येऊ लागले आणि साध्या पगारदाराचा परतावा काही दिवसांत हाती पडू लागला. जुन्या पद्धतीत परताव्याच्या कागदी व्हाउचरची वर्ष-वर्ष वाट पाहिलेल्यांना या बदलाची किंमत कळते. बँकांच्या विलीनीकरणाने आयएफएस कोड बदलल्यावर काहींचे परतावे परत गेले. देना बँकेसारख्या मुंबईत वाढलेल्या बँकेच्या जुन्या ग्राहकांना खाते नव्याने नोंदवावे लागले. पण ही दुरुस्ती निदान करदात्याच्या हातातली होती.

गंभीर प्रश्न पुढे आला तो २०२४ मध्ये. कलम ८७ए खाली नव्या करप्रणालीत तेव्हा सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर २५ हजारांपर्यंत सूट मिळत होती. शेअर विकून झालेल्या अल्पमुदतीच्या नफ्यावरच्या करालाही ही सूट लागू होते का, यावर दोन मते होती. ५ जुलै २०२४ ला विवरणपत्र भरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल झाला आणि ती सूट मागण्याचा रकानाच चालेनासा झाला. आदल्या दिवशी भरणाऱ्याला सूट मागता येत होती, नंतरच्याला ती मागताही येत नव्हती. १९२६ पासून मुंबईत काम करणाऱ्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सने याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने डिसेंबरमध्ये मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवायला लावली आणि २४ जानेवारीला अंतिम निकाल दिला. सूट मिळते की नाही हा मुद्दा त्याने खुला ठेवला, पण ती मागण्याचा हक्क सॉफ्टवेअरने हिरावून घेता येणार नाही हे स्पष्ट केले. कागदी विवरणपत्रात करदाता वादग्रस्त दावाही लिहू शकत होता आणि अधिकारी तो कारण देऊन नाकारी. रकाना बंद केल्यावर नकारही होत नाही, कारणही मिळत नाही आणि अपिलाला जागाही उरत नाही. पोर्टलच्या संथपणापेक्षा ही गोष्ट फार मोठी होती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने १,४३५ कोटी रुपयांच्या 'पॅन २.०' प्रकल्पाला मान्यता दिली. पॅनची कामे तीन वेगवेगळ्या पोर्टलांवर विखुरलेली आहेत, ती एका जागी आणायची, असा त्याचा एक हेतू सरकारने सांगितला. २००३-०४ मध्ये झालेली विभागणी पुन्हा सांधण्याचा हा प्रयत्न. २०२५ मध्ये विवरणपत्राची तारीख आधीच ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर नेली होती. शेवटच्या दिवशी पोर्टल पुन्हा रखडले आणि रात्री उशिरा आणखी एक दिवस वाढवून मिळाला. त्याच वर्षी संमत झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्याने १९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. त्यात कमाईचे वर्ष आणि आकारणीचे वर्ष हा भेद काढून एकच 'कर वर्ष' ठेवले आहे. चलनावर कोणते वर्ष लिहायचे, या जुन्या घोळाचे कारण त्यामुळे पुढच्या वर्षांपुरते संपते. आधीच्या वर्षांची चलने मात्र त्यांच्या जुन्या आकारणी वर्षांच्या पानांवरच राहतात, आणि त्यांतली भलत्या पानावर पडलेली रक्कम हलवायला अजूनही आधी आपला आकारणी अधिकारी कोणता ते पोर्टलवर पॅन टाकून शोधावे लागते.